नोंद घेण्यात आली

कार्यालयीन मराठीत एक वाक्य आहे, ज्यातला कर्ता कायमचा रजेवर असतो. ‘नोंद घेण्यात आली.’ कोणी घेतली, कशात घेतली, पुढे तिचं काय झालं, काही कळत नाही. तरी वाक्य कसं भरल्यासारखं वाटतं, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते.

एका तलावाच्या नागरिक सल्लागार समितीवर मी सहा वर्षं होते. तीन-तीन वर्षांच्या दोन मुदती. पहिलं वर्ष संपलं तेव्हा एका रविवारी सगळी इतिवृत्तं काढून बसले आणि जिथे जिथे ‘नोंद घेण्यात आली’ दिसलं तिथे पेन्सिलीने रेघ ओढत गेले. ३१ रेघा झाल्या. वर्षभर आपण केलं काय, तर एवढंच, असं वाटलं. राजीनाम्याचं पत्र मनात तयारही झालं होतं. ते कागदावर उतरलं नाही. त्याला कारण झाले आमचे आप्पा, पण त्यांच्याकडे येतेच.

अशी समिती ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही अकरा जण होतो. दोन निवृत्त गृहस्थ, एक शिक्षिका, एक वास्तुविशारद, एक डॉक्टर, दोन पक्षिवेडे, काठावरच्या वसाहतींचे तिघे आणि मी. मानधन नाही, प्रवासखर्च नाही. नेमणुकीच्या पत्रात शेवटून दुसरी ओळ होती, ‘समितीच्या शिफारशी प्रशासनावर बंधनकारक राहणार नाहीत.’ दर दोन महिन्यांनी मंगळवारी दुपारी चार वाजता सभा. मधोमध लांब टेबल, त्याभोवती अभियंते आणि अधिकारी, आणि आमच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या. लग्नाच्या बैठकीत लांबचे नातेवाईक बसतात, तशा. पहिला विषय नेहमी एकच, ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.’ शेवटचाही ठरलेला, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ आम्हाला खरोखर जे बोलायचं असायचं ते या शेवटच्या विषयात यायचं, तोवर अर्धे अधिकारी घड्याळ पाहायला लागलेले असायचे.

त्याच सुमाराला माझ्या वाचनात शेरी अर्नस्टाइन आल्या. अमेरिकेत नागरिकांच्या सहभागाच्या सरकारी कार्यक्रमांत काम केलेल्या या बाईंनी १९६९ मध्ये एका नियोजनविषयक नियतकालिकात लेख लिहून लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. वरची पायरी म्हणजे नागरिकांच्या हाती कारभार. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढणं. आणि सगळ्यांत खाली, सहभाग म्हणावा असं काहीच नसतं तिथे, पहिली पायरी हातचलाखीची. त्या पायरीवर त्यांनी काय ठेवलं होतं? रबरी शिक्क्यासारख्या वापरल्या जाणाऱ्या सल्लागार समित्या. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. माणसाला आरशात बघायला लावणारं लेखन बरं असतं, पण पावणेचारला सभेला निघायच्या आधी वाचू नये.

तर आप्पा.

निवृत्त गृहस्थांपैकी एक. कुठलंही शास्त्र शिकलेले नाहीत. पहाटे साडेचारला उठून तलावाला फेरी मारायची, ही वीस वर्षांची सवय. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सभेत पाण्याच्या तपासणीचा अहवाल आला. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या वर. शेरा, ‘समाधानकारक’. आप्पा भिंतीजवळून म्हणाले, “साहेब, पहाटे मासे तोंड वर काढून असतात. उन्हं वर आली की खाली जातात.”

“काका, रिपोर्ट नॉर्मल आहे,” अभियंता म्हणाला. पोरगा सरळ होता, उर्मट नव्हता.

“रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणतच नाही. पाणी किती वाजता घेतलं?”

कोणालाच माहीत नव्हतं. तक्ता काढला. तक्त्यात तारखेचा रकाना होता, ठिकाणाचा होता, नमुना घेणाऱ्याच्या सहीचा होता. वेळेचा नव्हता. मग तो एकच कागद सगळ्यांनी पाहायचा म्हणून आम्ही खुर्च्या ओढत टेबलापाशी नेल्या. त्यानंतर त्या कधी भिंतीकडे परत गेल्या नाहीत. कोणी ठराव केला नव्हता.

आप्पांनी विचारलं त्यामागचं शास्त्र मला नंतर डॉक्टरांनी समजावलं, आणि ते इतकं सुंदर आहे की इथे थांबून सांगणारच. हिरव्यागार तलावात दिवसा शेवाळ उन्हाच्या जोरावर प्राणवायू तयार करतं आणि पाण्यात सोडत राहतं. सूर्य मावळला की ही निर्मिती बंद. पण श्वास चालूच. मासे, किडे, गाळातले जिवाणू आणि स्वतः ते शेवाळ, सगळे मिळून साठवलेला प्राणवायू रात्रभर संपवत असतात. त्यामुळे चोवीस तासांतला सर्वांत कमी आकडा येतो पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी, आणि सर्वांत चांगला दुपारनंतर. बहुतेक माशांना लिटरला पाचेक मिलिग्रॅम प्राणवायू असला की निभतं. दोनच्या खाली गेला की ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, कारण हवेला टेकलेला पाण्याचा तो पातळ थरच काय तो उरलेला असतो. नमुने घेणारा कर्मचारी दहाला कामावर यायचा, साहित्य घेऊन काठावर पोचेपर्यंत साडेअकरा. त्याच्या बाटलीत दरवेळी तलावाची टवटवीत दुपार जायची.

आणखी एक गोम होती. २५ अंश तापमानाच्या साध्या पाण्यात हवेतून जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. नऊच्या वरचा आकडा म्हणजे पाण्यात मावतो त्याहून जास्त, शेवाळाने कोंबलेला. म्हणजे ज्या आकड्यावर ‘समाधानकारक’ लिहिलं जात होतं तोच दुखण्याचं लक्षण होता. तापाने लाल झालेले गाल पाहून तब्येत सुधारली म्हणावं, तसं.

त्या सभेत आम्ही शिफारस केली की तक्त्यात वेळेचा रकाना घालावा. इतिवृत्तात काय आलं हे सांगायला नको. रेघ बत्तिसावी.

पुढची सभा आली. इतिवृत्त कायम करताना आप्पांनी विचारलं, “त्या रकान्याचं काय झालं?” त्यापुढच्या सभेत पुन्हा. सूर तोच, शब्द तेच. तीन सभा असंच चाललं. चौथ्या सभेला तक्ता आला तो वेळेच्या रकान्यासकट. वरून आदेश आला नव्हता, कोणाचं हृदयपरिवर्तनही झालं नव्हतं. तक्ता टंकणाऱ्या लिपिकाने मला बाहेर गाठून सांगितलं, “मॅडम, दरवेळी साहेब मला विचारतात, काका पुन्हा विचारतील का. शेवटी मीच घातला.”

मी राजीनामा दिला नाही तो यामुळे. पहाटेचे नमुने सुरू व्हायला मात्र आणखी वर्ष गेलं. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळेचा प्रश्न होता आणि तो खरा होता, बहाणा नव्हता. शेवटी महिन्यातून एकदा दोन सदस्य आणि एक कर्मचारी अशी पाळी लागली. पहिल्या पहाटे मी होते. अंधारात उपकरणाचा आकडा नऊवरून सुरू होईल अशी माझी उगाच समजूत. तो दोनच्या खाली जाऊन थांबला. शेजारी पाण्यावर बारीक बारीक आवाज येत होते, कोणी ओठ मिटावेत उघडावेत तसे. टॉर्च मारला तर तोंडंच तोंडं. कर्मचारी म्हणाला, “अकरा वर्षं इथलं पाणी घेतोय मी. हे कधी पाहिलंच नाही.” त्याला कमीपणा देणारं यात काहीच नाही. त्याला कोणी पहाटे बोलावलंच नव्हतं.

इथे मला अलास्काची गोष्ट आठवते, आणि ही गोष्ट मी समितीत इतक्यांदा सांगितली आहे की सदस्य हसायला लागायचे.

२३ मार्च १९८९ ची संध्याकाळ. अलास्कातल्या व्हॅल्डीझ गावात तेलवाहतुकीच्या प्रश्नावर नागरिकांची बैठक चालू होती. रिकी ऑट नावाची सागरी जीवशास्त्रज्ञ, जी स्वतः मासेमारीही करायची, शेजारच्या कॉर्डोव्हा गावातून दूरध्वनीवर बोलत होती. मोठी गळती होईल का, हा प्रश्नच नाही, कधी होईल एवढाच आहे, असं तिने सांगितलं. त्यानंतर काही तासांत, मध्यरात्र उलटून चार मिनिटं झाली असताना, त्याच बंदरातून निघालेलं ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ हे तेलवाहू जहाज हिमखंड टाळण्यासाठी नेहमीची वाट सोडून गेलं आणि ब्लाय रीफ या पाण्याखालच्या खडकांवर चढलं. १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल प्रिन्स विल्यम साउंडच्या पाण्यात गेलं. तेलगळतीला तोंड देण्याच्या आराखड्यात लिहिलं होतं की मदतीची सामग्री पाच तासांत पोचेल. ती वाहून नेणारा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, दुरुस्तीसाठी रिकामा करून ठेवलेला होता. सामग्री पोचायला सांगितलेल्या वेळेच्या दुपटीहून जास्त वेळ लागला.

मला या गोष्टीतला अपघात सर्वांत महत्त्वाचा वाटत नाही. त्याआधीची बारा वर्षं वाटतात. १९७७ पासून हजारो जहाजं तिथून सुखरूप ये-जा करत होती. दर सुखरूप फेरीगणिक लोक थोडे थोडे निर्धास्त होत गेले. कोणी लाच घेतली म्हणून किंवा कोणाच्या मनात काळंबेरं होतं म्हणून नव्हे. काही झालं नाही, म्हणून काही होणार नाही. अमेरिकी संसदेने १९९० मध्ये तेलप्रदूषणाचा कायदा केला, त्यात हा निर्धास्तपणा चक्क कारण म्हणून लिहिला आहे. उद्योग आणि सरकार या दोघांचाही. आणि त्यावरचा उपाय म्हणून स्थानिक नागरिकांना आराखडे बनवण्यात आणि तपासण्यात सामील करून घ्यावं, असं म्हटलं आहे. नमुना म्हणून स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवरच्या सलम व्हो या तेल टर्मिनलचं नाव घेतलं आहे, कारण तिथे उद्योग, प्रशासन आणि स्थानिक लोक एकत्र बसून देखरेख करत होते. कायद्याच्या कलमात ‘तुम्ही सुस्तावला होतात’ असं लिहिणारे लोक मला आवडले.

अपघातानंतरच्या या घडामोडींतून दोन प्रादेशिक नागरिक सल्लागार परिषदा उभ्या राहिल्या, एक प्रिन्स विल्यम साउंडसाठी आणि दुसरी अलास्कातल्याच कुक इनलेट या खाडीसाठी. पहिलीच्या मंडळावर मासेमार, मूलनिवासी, किनाऱ्यावरची गावं, पर्यटनवाले, पर्यावरणवाले असे सगळ्यांचे प्रतिनिधी असतात, तेही स्वयंसेवक म्हणून. निर्णयाचा अधिकार त्यांनाही नाही. पण एक गोष्ट आमच्याकडे नव्हती ती त्यांच्याकडे आहे, ती म्हणजे पैसा, आणि तो येतो चक्क ज्या कंपनीवर नजर ठेवायची तिच्याकडून. ऐकल्यावर प्रत्येक जण म्हणतो, मग संपलंच की. पण करारातच लिहिलेलं आहे की परिषद स्वतंत्र राहील आणि बंदरापर्यंत तेल आणणाऱ्या पाइपलाइनमधून तेल वाहतं आहे तोवर करार चालू राहील. म्हणजे टीका झोंबली म्हणून पुढच्या वर्षी चेक थांबवायची सोय नाही. त्या पैशातून परिषद स्वतःचे तज्ज्ञ नेमते, स्वतःच्या चाचण्या करवून घेते, आणि कंपनीच्या अहवालासमोर आपला अहवाल ठेवते.

त्यांचं एक काम मला विशेष भावतं. १९९० च्या कायद्याने एकेरी तळाच्या तेलवाहू जहाजांबरोबर दोन सोबती बोटी चालवणं सक्तीचं केलं होतं. पुढे दुहेरी तळाची जहाजं येत गेली, तसतशी ही सक्ती आपोआप गळून पडणार होती. जहाज सुरक्षित आहे, वर्षानुवर्षं काही झालेलं नाही, मग सोबत कशाला? हा तोच जुना निर्धास्तपणा, नव्या तळाचा. परिषद या मुद्द्यामागे लागून राहिली, आणि २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दुहेरी तळाच्या जहाजांनाही सोबत लागू झाली. एकवीस वर्षांनंतर अपघाताची आठवण ठेवायचं काम एखाद्या कार्यालयाला जमत नाही. तिथली माणसं बदललेली असतात. ते जमतं ज्याचं जाळं त्या पाण्यात होतं त्याला.

आमच्या सहा वर्षांत तीन अभियंते आले. पहिला तो सरळ पोरगा. दुसरा फाइलवरून मान वर न करणारा. तिसऱ्या बाई हुशार होत्या. पहिल्याच सभेत म्हणाल्या, “पूर्वेकडच्या नाल्याला जाळी बसवायचा प्रस्ताव मी आणते आहे.” वास्तुविशारदांनी चौथ्या वर्षाच्या मार्च महिन्याचं इतिवृत्त त्यांच्यासमोर ठेवलं. जाळी बसवली होती, पहिल्याच मोठ्या पावसात कचऱ्याने तुंबली, पाणी मागच्या गल्लीत शिरलं, जाळी काढली. इतिवृत्तात शब्द होते, ‘जाळी काढण्यात आल्याची नोंद घेण्यात आली.’ बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, “या इतिवृत्तांची संपूर्ण फाइल मला मिळेल?” आमच्याकडे ती होती. कार्यालयाकडे नव्हती.

त्या रविवारी ज्या वाक्याखाली चिडून रेघा ओढल्या त्याच्याबद्दल तेव्हापासून माझं मत थोडं बदललं आहे. लिहिणाऱ्याने विषय गाडण्यासाठी ते लिहिलेलं असतं, हे खरंच. पण गाडलेलं उकरता येतं. हवेत विरलेलं बोलणं उकरता येत नाही.

आता आमचीही एक नोंद, कारण नागरिक म्हणजे आपोआप शहाणे असा समज मला होऊ द्यायचा नाही.

पाणी किती नितळ आहे हे मोजायची एक सोपी तबकडी असते. अँजेलो सेकी नावाचे इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांनी १८६५ मध्ये पोपच्या बोटीवरून भूमध्य समुद्रात अशा तबकड्या सोडून पाहिल्या. आज तलावांसाठी वापरतात ती २० सेंटिमीटर व्यासाची असते, चार भाग, आळीपाळीने काळे-पांढरे. दोरीला बांधून ती खाली सोडायची, दिसेनाशी झाली की खोली टिपायची, वर ओढताना पुन्हा दिसली की टिपायची, दोन्हींची सरासरी काढायची. बोटीच्या सावलीच्या बाजूने, दुपारच्या आसपास, गॉगल न लावता. इतकं साधं उपकरण असल्यामुळे जगभर हजारो स्वयंसेवक ते वापरतात. आमची तबकडी वास्तुविशारदांनी घरी रंगवली, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला मी लाल दोऱ्याची गाठ मारली. तिसऱ्या वर्षी आम्ही मोठ्या आवेशाने सभेत आलेख मांडला. पाणी दर महिन्याला गढूळ होत चाललंय. एका सदस्याने तर ‘ढळढळीत पुरावा’ असा शब्द वापरला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी शिक्षिकाबाईंनी सहज म्हणून दोरी टेपने मोजली. नायलॉनची दोरी. वर्षभर भिजून, वजनाने ताणून मीटरमागे पाच सेंटिमीटर वाढली होती. म्हणजे तबकडी खरी जितकी खोल जात होती त्यापेक्षा आम्ही कमी लिहीत होतो. चूक आमच्याच तक्रारीच्या बाजूने झुकलेली. सगळी घसरण काही दोरीने केली नव्हती, पण तिच्यातला एक लचका दोरीचा होता. त्या संध्याकाळी आम्ही चौघं-पाच जण बसलो होतो. कोणी म्हणालं, आता बोलायची काय गरज आहे, कोण मोजणार आहे आपली दोरी? कोणी म्हणालं, आपण बोललो तर पुढचं आपलं काहीच ऐकणार नाहीत. वाद बराच झाला. आप्पा म्हणाले, “मग पुढच्या वेळी मी किती वाजता म्हणून कसा विचारू?”

आम्ही लेखी दिलं. आकडे सुधारून दिले. दुसरा तो मान वर न करणारा अभियंता, त्याने त्या दिवशी मान वर केली. पुढच्या महिन्यात त्याने स्वतःहून त्याच्या विभागाचे कच्चे आकडे, सुधारलेले आणि न सुधारलेले, आम्हाला पाठवले. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

समितीत सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं मुळीच नाही. ‘सुशोभीकरण’ या शब्दावर आम्ही जेवढे भांडलो तेवढे प्रशासनाशीही भांडलो नसू. काठावरच्या वसाहतींना फिरायच्या वाटेवर दिवे हवे होते. पक्षिवेड्यांना एकही दिवा नको होता आणि काठची पाणवनस्पतीही तशीच हवी होती, कारण पाणकोंबड्या तिच्यात घरटी करतात. एक बाजू म्हणे, अंधारात बायकांनी चालायचं कसं? दुसरी म्हणे, तलाव आधी कोणाचा? दोन्ही बाजूंना माझं डोकं हलायचं, त्यामुळे दोन्ही बाजू माझ्यावर चिडायच्या. शेवटी वाटेच्या निम्म्या भागात खाली तोंड केलेले पिवळसर दिवे लागले आणि उरलेला भाग अंधारात राहिला. कोणीच खूश झालं नाही.

पण खरा दोष दिव्यांत नव्हता. तो मंगळवारी दुपारी चार या वेळेत होता. मंगळवारी दुपारी चारला कोण मोकळं असतं? निवृत्त माणसं, स्वतःच्या वेळेचे मालक असलेले व्यावसायिक आणि ज्यांच्या घरी दुसरं कोणी कमावतं ते. तलावाच्या सांडव्याखाली राहणारी, त्या पाण्याचा वास रोज सहन करणारी माणसं त्या वेळी कामावर असतात. एक दिवसाची मजुरी बुडवून सल्ला द्यायला कोण येईल? तेही बंधनकारक नसलेला? आम्ही अकराच्या अकरा जण वरच्या काठावरचे होतो, हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली, याची मला आजही लाज वाटते. शेवटच्या दोन वर्षांत सभा रविवारी सकाळी आणि सांडव्याखालच्या वस्तीतल्या शाळेत घ्यायला लागलो. दोन नवे सदस्य आले. त्यांतल्या एक बाई दोन पाळ्यांत काम करायच्या. पहिल्याच सभेत त्यांनी जे विचारलं ते आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. “शेवाळ मारायला औषध टाकता, ते सांडव्यातून किती दिवस खाली येतं?”

अशा समित्यांना अधिकार द्यावेत का, असं मला बरेच जण विचारतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तसं झालं आहे. तिथे १९५७ च्या कायद्याने गावोगावी संवर्धन आयोग नेमायला परवानगी मिळाली. बिनपगारी नागरिक, काम प्रामुख्याने जागांची यादी करणं आणि सल्ला देणं. १९७२ मध्ये पाणथळ जागांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि तो राबवायची जबाबदारी याच आयोगांकडे गेली. आज तिथे पाणथळीजवळ बांधकाम करायचं तर या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मंडळासमोर जावं लागतं आणि ते अटी घालू शकतात. अर्नस्टाइनबाईंच्या शिडीवर ही बरीच वरची पायरी.

मला तिचा हेवा वाटतो आणि भीतीही. ज्या खुर्चीत अधिकार येतो ती खुर्ची मिळवण्यासारखी होते. आमच्या समितीवर येण्यासाठी कोणी कोणाला कधी फोन केला नाही, कारण आमच्याकडून काही मिळण्यासारखं नव्हतं. त्या दारिद्र्यात एक मोकळेपणा होता. मला विचाराल तर मी निर्णयाचा अधिकार मागणार नाही, उत्तराचा मागेन. शिफारस खुशाल फेटाळा, पण ठराविक दिवसांत, कारण लिहून, सहीनिशी फेटाळा. हे काही जगावेगळं मागणं नाही. १९९८ मध्ये डेन्मार्कमधल्या आरहुस शहरात युरोपातल्या देशांनी जो करार केला, त्यात पर्यावरणाच्या निर्णयांमध्ये लोकांचं म्हणणं विचारात घेणं आणि निर्णय कारणांसकट लोकांना कळवणं हे सरकारांवर बंधनकारक केलेलं आहे. आमच्याकडे पाचव्या वर्षी तिसऱ्या अभियंता बाईंनी इतिवृत्तात एक रकाना वाढवला, ‘कार्यालयाचा अभिप्राय’. पहिल्या सभेत त्यात सात ठिकाणी ‘निधी उपलब्ध नाही’ आलं. पण एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, ‘ही शिफारस मला चुकीची वाटते’, आणि खाली तीन ओळींत का ते. सहा वर्षांत आम्हाला माणूस समजून दिलेलं ते पहिलं उत्तर. आणि हो, त्यांचं बरोबर होतं.

तलाव सुधारला का? थोडा. पूर्वेच्या नाल्याचं सांडपाणी वळवलं गेलं, त्यात आमचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, हे मला सांगता येणार नाही. पहाटेचा आकडा आता दोनच्या खाली क्वचित जातो. दुपारचा नऊच्या वर जाणंही कमी झालंय, आणि तो उतरलेला पाहून एका नव्या सदस्याने काळजीने विचारलं होतं की पाणी बिघडलं का.

माझी मुदत संपली तेव्हा निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. शाळेच्या वर्गात सभा झाली, इतिवृत्त कायम झालं, विषयपत्रिकेवरच्या सहा विषयांपैकी चार पुढच्या सभेवर गेले. सभा संपल्यावर मी तबकडी, दोरीची गुंडाळी आणि इतिवृत्तांची फाइल दोन पाळ्यांत काम करणाऱ्या त्या बाईंच्या हवाली केली. काही भारदस्त बोलावं असं मनात होतं. त्यांनी आधी फाइल पिशवीत टाकली, मग पर्समधून शिवणकामाची टेप काढली, दोरीचं एक टोक बाकाच्या कडेला धरायला मला सांगितलं, आणि गाठ-गाठ मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या गाठीशी त्या थांबल्या.

“ताई, ही नवी दोरी कधी घातली होती?”

मला आठवेना. त्यांनी फाइल पुन्हा बाहेर काढली.